शिरा फुटतात तिथेच मध्य : बालवर्गातील पानगळीचे स्पिन पेंटिंग

बॉस्टनच्या पश्चिमेकडील उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मुलांसाठी रविवारी सकाळी शाळा भरते आणि तिथे मी बालवर्ग घेते. वर्गातील मुले साधारण साडेतीन ते सहा वर्षांची असतात. ती घरी मराठी ऐकतात, पण आपापसांत बोलताना चटकन इंग्रजीवर येतात. त्यामुळे हात कामात गुंतलेले असताना तोंडून मराठी आपसूक यावी, असे उपक्रम आम्ही सतत शोधत असतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत या भागातली झाडे ज्या रंगांनी भरून जातात ते पाहता पानगळ हा विषय निवडण्यासाठी फार विचार करावा लागत नाही. अडचण एवढीच की, पाने गोळा करून कागदावर चिकटवणे किंवा पानाला रंग लावून ठसा उमटवणे हे सगळे मुलांनी त्यांच्या रोजच्या शाळेत आधीच केलेले असते. म्हणून गेल्या शरद ऋतूत मी स्पिन पेंटिंग घ्यायचे ठरवले आणि त्यातून पानाच्या रचनेविषयी जे हाती लागले, ते इतर पालकांना आणि शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटल्याने तपशिलाने लिहीत आहे.

स्पिन पेंटिंगचे तत्त्व सोपे आहे. फिरणाऱ्या पृष्ठभागावर कागद ठेवायचा, त्यावर पातळ रंगाचे थेंब सोडायचे आणि पृष्ठभाग वेगाने फिरवायचा. थेंब मध्यापासून बाहेरच्या दिशेने ओढले जातात आणि त्यांच्या रेषा होतात. यासाठी विकत यंत्रे मिळतात, पण लहान मुलांसाठी सर्वांत सोयीचे साधन म्हणजे सॅलड स्पिनर, म्हणजे धुतलेल्या पालेभाजीचे पाणी काढण्यासाठी वापरतात ते झाकणाचे भांडे, ज्याच्या आत जाळीची टोपली फिरते. झाकण असल्यामुळे रंग अंगावर उडत नाही आणि फिरवण्याची शक्ती मुलाच्या स्वतःच्या हातातून येते. बाजारात याचे मुख्यतः तीन प्रकार दिसतात : दोरी ओढायचा, हँडल गोल फिरवायचा आणि वरची मूठ दाबायचा. चार वर्षांच्या मुलाला हँडल एकसारखे गोल फिरवणे जड जाते, आणि दोरी सुटली की झटक्याने आत जाते. मूठ दाबायचा स्पिनर मात्र दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, उभे राहून, अंगाचा भार टाकून सहज चालवता येतो, म्हणून मी तोच घेतला. भांड्याखाली ओले फडके अंथरले की ते टेबलावरून सरकत नाही. एकदा रंगासाठी वापरलेला स्पिनर पुन्हा खाण्याच्या वस्तूंसाठी वापरू नये, हे सांगणे आवश्यक आहे. रंग बिनविषारी असला तरी तो जाळीच्या फटींत आणि प्लॅस्टिकवरच्या ओरखड्यांत राहतोच.

बहुतेक स्पिनरच्या टोपलीच्या तळाशी, मधोमध, एक छोटा उंचवटा असतो. त्यावर कागद सपाट बसत नाही आणि फिरताना एका बाजूला उचलला जातो. यावर उपाय म्हणून जाड पुठ्ठ्याची, तळाच्या मापाची, साधारण ७ इंच व्यासाची चकती कापून तिच्या मध्याला उंचवट्यापुरते भोक पाडायचे आणि ती मास्किंग टेपने टोपलीत कायमची बसवून टाकायची. चित्राचा कागद तिच्यावर उलट्या वळवलेल्या टेपच्या तुकड्यांनी चिकटवला की तो हलत नाही. कागदाच्या बाबतीत काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छपाईचा साधा ८० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद ओला होताच गुंडाळतो आणि टोपलीच्या कडेला चिकटतो. जलरंगांसाठी मिळणारा ३०० जीएसएमचा कागद सपाट राहतो, आणि वाळल्यावर त्यातून आकार कापले तरी कडा नीट राहतात. कागदी प्लेट वापरायची असेल तर ती बिनचकाकीची घ्यावी, कारण चकाकीच्या थरावरून रंग नुसता घसरून जातो.

सगळे गणित रंगाच्या पातळपणाचे आहे. मुलांचा धुऊन निघणारा टेम्परा रंग बाटलीतून आहे तसाच टाकला तर तो गोळ्याच्या रूपात जागेवर बसून राहतो, आणि फार पाणी घातले तर एका फिरकीत कागदाबाहेर निघून जातो, मागे फिकट डाग तेवढा उरतो. दोन भाग रंगाला एक भाग पाणी, म्हणजे पातळ कढीइतका दाटपणा, हे प्रमाण आमच्या रंगांना जुळले. प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असल्याने आधी एका तुकड्यावर पाहून घ्यावे. पातळ केलेला रंग बारीक तोंडाच्या, पिळता येणाऱ्या छोट्या बाटल्यांत भरला. ड्रॉपरने थेंब अधिक नेमका पडतो, पण साडेतीन वर्षांच्या मुलाला रबराचा फुगा दाबून रंग वर ओढणे आणि नंतर तो हळूहळू सोडणे या दोन क्रिया एकापाठोपाठ जमत नाहीत, बाटली मात्र सगळ्यांना जमते.

रंग कोणते घ्यायचे, हे ठरवण्यासाठी वर्ग भरण्याआधी शाळेच्या आवारामागच्या पायवाटेवर मुलांना नेले. या भागात लाल मेपल, शुगर मेपल, ओक, बर्च ही झाडे पावलोपावली आहेत. मुलांना फक्त एवढेच सांगितले होते की, एकाच पानावर एकापेक्षा जास्त रंग असलेली पाने शोधा. शुगर मेपलची अशी पाने विपुल मिळाली. त्यांतले एक अजून माझ्या वहीत आहे : टोकांना तांबडे, मध्ये नारिंगी आणि पिवळे, आणि पाचही मुख्य शिरांच्या दोन्ही बाजूंना अजून हिरवी पट्टी शिल्लक. वर्गातली एक मुलगी ते पान उन्हासमोर धरून म्हणाली, "मावशी, हिरवा रंग रस्त्यावर राहिलाय." रस्ते म्हणजे शिरा. तिने जे पाहिले ते अगदी खरे होते, कारण पुष्कळ पानांत हिरवा रंग शिरांच्या लगत सर्वांत शेवटपर्यंत टिकतो.

दिवस लहान होऊ लागले की पानातले हरितद्रव्य विघटित होत जाते आणि नवे तयार होणे थांबते. पिवळा आणि नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइडे पानात उन्हाळाभर असतातच, ती फक्त हिरव्याखाली झाकलेली असतात. हिरवा ओसरला की ती दिसू लागतात. तांबडा रंग मात्र निराळा. तो देणारी अँथोसायनिने बहुतांशी शरदातच, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतात, आणि म्हणूनच दिवसा लख्ख ऊन व रात्री गोठणबिंदूच्या वर राहणारी थंडी असे हवामान लाभले की त्या वर्षी मेपल अधिक लालभडक होतात. बालवर्गाला हे रसायन सांगायचे नव्हते, परंतु त्यातला क्रम मात्र मी चित्रासाठी जसाच्या तसा घेतला : आधी हिरवा, मग पिवळा, सर्वांत शेवटी तांबडा. पान ज्या क्रमाने रंग दाखवते त्याच क्रमाने मुलांनी रंग टाकायचे. या क्रमाचा रंगांच्या दृष्टीनेही फायदा होतो. हिरव्यात पिवळा मिसळला तर पोपटी होतो, पिवळ्यात तांबडा मिसळला तर नारिंगी, आणि दोन्ही पानगळीचेच रंग आहेत. फक्त हिरवा आणि तांबडा एकमेकांत फार मिसळले तर तपकिरी होतो. त्यासाठी हिरव्याचे दोन-तीन बारीक थेंबच द्यायचे आणि मध्ये पिवळ्याची एक फिरकी जाऊ द्यायची. निळा आणि जांभळा रंग मी टेबलावर ठेवलाच नाही. मुलांना सगळे रंग खुले ठेवावेत, असे मानणाऱ्या शिक्षिकांचा मी आदर करते. पण मोजके, एकमेकांशी जुळणारे रंग दिले तर मूल रंगांतला फरक अधिक बारकाईने पाहते, असा माझा अनुभव आहे.

आता त्या एका गोष्टीकडे येते, जिच्यामुळे हा उपक्रम मला इतका मोलाचा वाटला. सहसा स्पिन पेंटिंगमध्ये कागदाचा गोल टोपलीत ठेवतात आणि वाळल्यावर त्यातून पानाचा आकार कापतात. चित्र सुंदर दिसते, पण रंगाच्या रेषा पानाच्या आकाराशी काही संबंध नसल्याप्रमाणे तिरप्या जातात. मेपलचे पान हातात घेऊन पाहिले तर देठ जिथे पात्याला मिळतो त्या एका बिंदूतून पाच मुख्य शिरा हाताच्या बोटांप्रमाणे फाकलेल्या दिसतात. फिरत्या टोपलीतला रंगही एका बिंदूतून सर्व दिशांना जातो. तेव्हा कागदाचे पान आधी कापून घेतले आणि त्याचा शिरा फुटण्याचा बिंदू टोपलीच्या मध्यावर आणून चिकटवला, तर रंगाच्या रेषा त्या शिरांच्याच वाटेने, प्रत्येक पाळीच्या, म्हणजे पानाच्या बोटासारख्या भागाच्या, टोकापर्यंत धावतात. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे करून पाहिले आणि झाकण उघडल्यावर जे पान समोर आले, त्यात पेन्सिलीची एकही रेघ नसताना शिरा उमटलेल्या होत्या, टोकांना तांबडा साचला होता आणि देठापाशी हिरवट पिवळा राहिला होता.

यामागचे कारण असे की, फिरताना थेंबावर पडणारी बाहेरची ओढ मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढते. मध्यापासून दुप्पट अंतरावरच्या थेंबावर दुप्पट ओढ पडते, आणि फिरण्याचा वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. त्यामुळेच बरोबर मध्यावर टाकलेला थेंब बराचसा जागच्या जागी बसून राहतो. थेंब मध्यबिंदूपासून अर्धा इंच दूर, त्याच्या भोवती टाकावे लागतात. फिरण्याचा वेग वाढत असताना रेषांना किंचित बाक येतो आणि वेग स्थिर झाला की त्या सरळ होतात. स्पिनरला थांबवण्यासाठी कळ असते, ती वापरू नये. टोपली एकदम थांबली तर ओला रंग फिरण्याच्या दिशेने पुढे सरकतो आणि रेषा फरकटतात; ती आपोआप मंदावू द्यावी. मुलांसाठी वाट पाहण्याचे हे काही क्षणही महत्त्वाचे असतात.

ओकचे पान या पद्धतीला दाद देत नाही. त्यात एकच मधली शीर असून बाकीच्या शिरा तिच्या दोन्ही अंगांनी, अंतराअंतरावर फुटतात, त्यामुळे मध्यावर ठेवण्यासारखा एकच बिंदू त्याला नाही. ओकसाठी आम्ही रंगवलेल्या गोल कागदातूनच आकार कापले, आणि त्यासाठी तांबडा व हिरवा मिसळून तपकिरी झालेले कागद मुद्दाम बाजूला ठेवले. बर्चचेही तसेच. कोणते पान आधी कापायचे आणि कोणते नंतर, हे ठरवताना मोठ्या गटातल्या मुलांना दोन प्रकारच्या शिरांमधला फरक बोटाने चाचपून दाखवता आला.

प्रत्यक्ष वर्गात दोन स्पिनर, दोन टेबले आणि प्रत्येक टेबलाशी एक मोठी व्यक्ती, अशी व्यवस्था केली. एका वेळी एका टेबलाशी तीनच मुले. बाकीची मुले तोपर्यंत गोळा केलेल्या पानांचे रंगांनुसार ढीग लावत होती. रांगेत नुसते उभे राहणे या वयाला सोसत नाही, त्यामुळे हे दुसरे काम तयार ठेवणे अत्यावश्यक आहे. पाने मी जाड कागदातून आधीच कापून आणली होती, कारण मेपलच्या खाचा कापणे या वयाच्या बोटांना शक्य नसते. मात्र पान टोपलीत ठेवण्याचे काम मुलांकडेच होते. पुठ्ठ्याच्या चकतीवर मध्याला एक लाल टिकली चिकटवली होती, आणि पानावर शिरा फुटण्याच्या जागी बारीक छिद्र पाडले होते. छिद्रातून लाल टिकली दिसली की पान बरोबर बसले. ही युक्ती आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजींची, आणि ती इतकी चोख ठरली की एकाही मुलाला दुसऱ्यांदा समजावून सांगावे लागले नाही.

रंग टाकून झाकण लावले की सगळे मिळून मोजत : एक, दोन, तीन, दहापर्यंत. मूठ दहा वेळा दाबायची, मग हात वर. दाबताना दोन्ही हातांनी एकाच वेळी एकच काम करायचे आणि बाटली पिळताना एका हाताने कागद धरून दुसऱ्याने पिळायचे, ही दोन्ही हातांची जुळवाजुळव या वयात घडत असते आणि तिला इथे भरपूर वाव मिळतो. भाषेच्या दृष्टीनेही हा भाग सर्वांत फलदायी होता. टाक, पिळ, दाब, थांब, उघड ही क्रियापदे मुले एकमेकांना हुकूम सोडावा तशी वापरू लागली. एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलणारा एक चार वर्षांचा मुलगा, मी झाकणाला हात लावताच म्हणाला, "मावशी, तू नको उघडूस, मी उघडणार." झाकण मुलानेच उघडावे, हा नियम मी त्यानंतर दोन्ही टेबलांवर लागू केला.

पहिल्या फिरकीनंतर झाकण उघडून पाहायचे, कोणत्या पाळीला रंग पोचला नाही ते शोधायचे आणि पुढचा रंग नेमका त्या दिशेला टाकायचा, असे आम्ही सुचवले. पाच-सहा वर्षांची मुले हे फार मन लावून करतात. धाकटी मुले मात्र जिथे आधी रंग आहे तिथेच आणखी टाकतात, आणि त्यांना ते करू द्यावे. दाट थर टोकांकडे जाऊन साचतो आणि वाळल्यावर वेगळाच पोत येतो. ज्या मुलांना चित्र काढता येत नाही असे घरात कुणीतरी म्हटलेले असते, ती मुले इथे अजिबात बिचकत नाहीत. रेषा त्यांनी काढायची नसते, तिची सुरुवात कुठून व्हावी एवढेच ठरवायचे असते, आणि ते सर्वांना सारखेच जमते.

या उपक्रमाची सांगड दसऱ्याशी घालता आली, याचा मला विशेष आनंद आहे. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातल्या, थंडीत आपट्याचे झाड वाढत नाही, त्यामुळे इथल्या मंडळांतून दसऱ्याला कागदाची आपट्याची पाने वाटली जातात, बहुधा सोनेरी कागदातून कापलेली. आपट्याच्या पानाच्या शिरादेखील देठाकडच्या एकाच बिंदूतून पंख्याच्या घडीप्रमाणे दोन्ही पाळ्यांत पसरतात, हे ध्यानात आल्यावर मी जाड कागदाची छोटी आपट्याची पाने कापली आणि त्यांचे देठ मध्याकडे व पाळ्या बाहेर अशी एका चकतीवर चार-चार पाने गोलाकार मांडली. हिरव्याचे थेंब मध्याजवळ, आणि ते वाळल्यावर वरून सोनेरी टेम्पराची एकच फिरकी. सोनेरी रंगातली चमक बाटलीच्या तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवून घ्यावी लागते. एका फिरकीत चार पाने तयार होत असल्याने प्रत्येक मुलाकडे घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि वर्गातल्या मित्रांना द्यायला पुरेशी पाने झाली. रघुराजाच्या दारी आलेला कौत्स आणि कुबेराने पाडलेला सोन्याचा पाऊस, ही गोष्ट मुलांना पाने वाळत असताना सांगितली. दसऱ्याच्या कार्यक्रमात "सोने घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणत मुलांनी मोठ्यांच्या हातावर स्वतः रंगवलेली पाने ठेवली, तेव्हा हे सोने कसे केले हे सांगण्यासाठी त्यांना मराठीच शब्द सुचत होते, कारण ते काम त्यांनी मराठीतच केले होते.

वाळवण्याविषयी थोडे. ओली चित्रे दोरीवर टांगू नयेत, साचलेला रंग खाली ओघळतो. सपाट ट्रेवर मेणकागद अंथरून त्यावर ती रात्रभर ठेवावीत. टोकांशी रंग दाट असल्याने तिथे तो शेवटी वाळतो. बोट लावून पाहण्याचा मोह मुलांना होतो, म्हणून ट्रे उंचावर असावा. दोन-तीन चित्रांनंतर टोपलीबाहेरच्या भांड्यात तपकिरी रंगाचे थारोळे जमते, ते दर वेळी पुसून घेतले नाही तर पुढच्या चित्राच्या कडेला त्याचे शिंतोडे येतात. कापून उरलेल्या रंगीत पट्ट्या मी जपून ठेवल्या आणि त्यांतून मोठ्या वर्गाच्या मुलांनी दिवाळीसाठी आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या केल्या.

यंदा या यादीत गिंकोची भर घालणार आहे. बॉस्टनच्या रस्त्यांवर आणि १८७२ साली स्थापन झालेल्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात हे झाड पाहायला मिळते. तिथली पाने तोडायची किंवा उचलायची नसतात, त्यामुळे नमुन्याची पाने रस्त्याकडेच्या झाडांखालची घ्यावी लागतील. गिंकोचे पान दोन पाळ्यांचे, आकाराने आपट्याशी नाते सांगणारे, आणि त्याच्या बारीक शिरा देठापासून निघून पुन्हा पुन्हा दुभंगत कडेपर्यंत जातात. ते दसऱ्याला हिरवेच असते आणि नोव्हेंबरमध्ये पिवळे होऊन बहुतेक सगळे एकदम गळते, त्यामुळे त्याचा वर्ग नोव्हेंबरमध्येच ठेवावा लागेल. त्याला तांबडा लागत नाही. फिकट आणि गडद अशा दोन पिवळ्या रंगांच्या बाटल्या आणि कडेसाठी पांढऱ्याची एक, एवढेच साहित्य टेबलावर ठेवण्याचा विचार आहे.